घाव चुकला आणि हमास मोठी झाली

२५ सप्टेंबर १९९७. जॉर्डनची राजधानी अम्मान. सकाळी दहाच्या सुमारास खालिद मशाल नावाचे ४१ वर्षांचे गृहस्थ मोटारीतून उतरून आपल्या कचेरीकडे निघाले होते. इमारतीपाशी दोन परदेशी माणसं रेंगाळत होती. त्यातल्या एकाच्या हाताला बँडेज गुंडाळलेलं होतं. मशाल जवळ येताच त्याने तो हात त्यांच्या डाव्या कानापाशी नेला. गोळी नाही, सुरा नाही, रक्ताचा थेंब नाही. कानात मोठा आवाज झाला आणि अंगातून विजेचा झटका गेल्यासारखं वाटलं, एवढंच मशाल यांनी नंतर सांगितलं. ते दोघे उभ्या असलेल्या गाडीत बसून पसार झाले.

म्हणजे, पसार झाले असं त्यांना वाटलं.

मशाल यांच्या अंगरक्षकाने गाडीचा पाठलाग केला. काही गल्ल्या पार केल्यावर दोघे गाडीतून उतरले, आता आपण सुटलो अशा समजुतीने. अंगरक्षकाने तिथेच त्यांना गाठलं, भर रस्त्यात मारामारी झाली, बघे जमले आणि एका वाटसरूच्या मदतीने दोघांना पोलीस ठाण्यात नेण्यात आलं. खिशात कॅनडाचे पासपोर्ट निघाले. पण कॅनडाच्या वकिलातीतला अधिकारी भेटायला आला तेव्हा या 'कॅनडावासीयांना' त्याच्याशी बोलायचंच नव्हतं. ते इस्रायलच्या गुप्तचर संस्थेचे, मोसादचे, हस्तक होते.

या घटनेनंतर बारा दिवसांच्या आत इस्रायलला आपल्या तुरुंगातला एक जन्मठेपेचा कैदी सोडून द्यावा लागला: मशाल ज्या हमास या पॅलेस्टिनी लढाऊ संघटनेचे पदाधिकारी होते, तिचे संस्थापक शेख अहमद यासीन. एका पुढाऱ्याला संपवायला गेले आणि पदरात दोन पुढारी पडले, एक जिवंत राहिलेला आणि एक सुटून आलेला. 'करायला गेलो गणपती, झाला मारुती' ही म्हण आपण स्वयंपाक बिघडला तरी वापरतो, पण इथे ती शब्दशः लागू पडते.

फसलेल्या हल्ल्याने एखादी लढाऊ संघटना बळकट कशी होते? लोकांना सहानुभूती वाटते म्हणून, हे उत्तर पटकन सुचतं. ते चूक नाही, पण फार वरवरचं आहे. सहानुभूती चार दिवसांत विरते. अम्मानमध्ये जे घडलं ते जवळून पाहिलं तर वेगळीच यंत्रं फिरताना दिसतात.

विष आणि उतारा

आधी ते विष समजून घेऊ, कारण पुढचं सगळं राजकारण त्याच्या वेळापत्रकावर चाललं. मशाल यांच्यावर फवारलेलं द्रव्य लेव्होफेंटानिल असल्याचं सांगितलं जातं. फेंटानिल हे अफूच्या धर्तीवर प्रयोगशाळेत तयार केलेलं, अतिशय तीव्र वेदनाशामक. शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञ ते वापरतात. प्रमाण वाढलं की मेंदूतलं श्वासाचं केंद्र मंदावतं. माणसाला गुंगी येते, झोप लागते आणि झोपेतच श्वास थांबतो. त्वचेतूनही ते शरीरात उतरतं. बेत असा होता की मशाल घरी जातील, थकवा वाटतो म्हणून पडतील आणि पुन्हा उठणार नाहीत. शवविच्छेदनात काही सापडणार नाही. कोणी मारलं हा प्रश्नच उपस्थित होणार नाही.

या बेतात 'प्रश्नच उपस्थित न होणं' हा सर्वात महत्त्वाचा भाग होता. जॉर्डनने इस्रायलशी १९९४ च्या ऑक्टोबरात शांतता करार केला होता. इजिप्तनंतर असा करार करणारा तो दुसराच अरब देश. तिथे उघडपणे खून पाडणं म्हणजे ज्याच्या घरी जेवलो त्याच्याच ओसरीवर रक्त सांडणं.

पण चोर पकडले गेले आणि इकडे काही तासांत मशाल यांना गुंगी आली, उलट्या सुरू झाल्या. त्यांना इस्पितळात हलवावं लागलं. जॉर्डनच्या सरकारी गोटातून सुरुवातीला 'पर्यटकांशी झालेली बाचाबाची' असा सूर निघाला होता. मशाल यांचा श्वास मंदावायला लागल्यावर तो सूर बंद झाला. राजे हुसेन यांनी त्यांना आपल्या लष्करी इस्पितळात आणवलं आणि थेट इस्रायलचे पंतप्रधान बेंजामिन नेतान्याहू यांच्याकडे विषावरचा उतारा मागितला. हा माणूस मेला तर शांतता करारही मेला, पकडलेल्यांवर खटला चालेल आणि त्याची शिक्षा फाशी असेल, असा त्यांचा निरोप होता. अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनाही त्यांनी मध्ये घातलं.

उतारा फार लांबून आणावा लागला नाही. हल्ला करणाऱ्या तुकडीसोबत एक डॉक्टर महिला अम्मानमध्येच होती. विष चुकून आपल्याच माणसाच्या अंगावर उडालं तर हाताशी असावा म्हणून उतारा सोबत ठेवला होता. मारेकऱ्यांच्या सुरक्षेसाठी आणलेलं औषध ज्याला मारायचं होतं त्याच्या शिरेत गेलं. मशाल शुद्धीवर आले.

शत्रूने दिलेली बढती

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. मशाल तेव्हा कोण होते?

वेस्ट बँकमधल्या रामल्लाजवळच्या सिलवाद गावात जन्म. १९६७ च्या युद्धानंतर कुटुंब कुवेतला गेलं, तिथल्या विद्यापीठात त्यांनी पदार्थविज्ञान शिकलं, पुढे संघटनेचं काम केलं. कुवेतवर इराकने आक्रमण केल्यावर ते जॉर्डनला आले. हमासच्या राजकीय विभागाचं प्रमुखपद त्यांच्याकडे आलं ते आधीचे प्रमुख मूसा अबू मरझूक १९९५ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर पकडले गेले म्हणून. १९९७ च्या मे महिन्यात अबू मरझूक सुटून अम्मानला आले. म्हणजे एकाच शहरात आजी प्रमुख आणि माजी प्रमुख. गाझातल्या सामान्य माणसाला मशाल यांचा चेहरा ओळखता आला असता का, याची मला शंका आहे. ते गाझात कधी गेलेलेच नव्हते.

गुप्तपणे काम करणाऱ्या संघटनेत नेता ठरतो कसा? निवडणुका होतात, पण बंद दाराआड. जनतेपुढे मतपेटी नसते, वर्तमानपत्रांत उघड चर्चा नसते. कोणाचं वजन किती हे मोजायचं एक माप मात्र सगळ्यांना दिसतं: शत्रू कोणाला किती भितो. मोसादने एवढी खटपट करून, दुसऱ्या देशाशी असलेली मैत्री पणाला लावून ज्याला मारायला माणसं पाठवली, तो माणूस महत्त्वाचाच असणार. हे प्रमाणपत्र हमासच्या कुठल्याही समितीला देता आलं नसतं. २५ सप्टेंबरच्या सकाळी मशाल एक पदाधिकारी होते आणि उतारा घेऊन उठले तेव्हा पुढारी झाले होते. पुढची वीस वर्षं, २०१७ पर्यंत, ते त्या पदावर राहिले.

दुसरी गोष्ट, हुतात्मा आणि जिवंत हुतात्मा यांतला फरक. मेलेल्या नेत्याचा फोटो भिंतीवर लागतो. त्याच्या नावाने शपथा घेतल्या जातात, पण तो नवा निर्णय घेऊ शकत नाही, पैसे गोळा करू शकत नाही, भांडणाऱ्या दोन गटांना एका खोलीत बसवू शकत नाही. शिवाय त्याच्या जागेसाठी ओढाताण होते. हल्ल्यातून वाचलेल्या माणसाकडे हुतात्म्याचं तेज असतं आणि तोंडही शाबूत असतं. २०१२ च्या डिसेंबरमध्ये मशाल पहिल्यांदा गाझात गेले तेव्हा हा आपला तिसरा जन्म आहे असं ते म्हणाले. दुसरा जन्म कोणता ते सांगायची गरज समोरच्या गर्दीला नव्हती.

श्रद्धाळू समाजात याला आणखी एक पदर असतो. वाचलेला माणूस 'वाचवलेला' ठरतो. मग त्याचं म्हणणं नुसतं मत राहत नाही, त्याला वरून मंजुरी आहे असा भास तयार होतो. हे फक्त धर्माच्या नावाने चालणाऱ्या संघटनांपुरतं नाही. १९१८ च्या ३० ऑगस्टला मॉस्कोत लेनिन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते वाचले, आणि देव न मानणाऱ्या बोल्शेविकांच्या वर्तमानपत्रांतून त्यांचं वर्णन जवळजवळ संतासारखं होऊ लागलं. त्याच आठवड्यात 'लाल दहशती'चा अधिकृत हुकूमही निघाला. म्हणजे हल्ल्याने नुसती भक्ती वाढवली नाही, विरोधकांना चिरडायची सबबही हाती दिली.

पकडलेली माणसं म्हणजे तारण

आता माझं थोडं वेगळं मत. मशाल वाचले हे हमासच्या फायद्याचं निम्मंच कारण आहे. समजा विष कमी पडलं असतं, ते दोन दिवस आजारी पडून बरे झाले असते आणि मारेकरी मात्र निसटले असते. तर काय उरलं असतं? एक आरोप. असे आरोप त्या भागात दर आठवड्याला होतात. इस्रायलने हात झटकले असते, जॉर्डनने चौकशीचं आश्वासन दिलं असतं आणि विषय संपला असता.

दोन माणसं हाती लागल्यामुळे आरोपाचा पुरावा झाला आणि पुराव्याचं तारण झालं. शिवाय तुकडीतले आणखी काही जण इस्रायलच्या वकिलातीत लपून बसले होते. त्यांनाही बाहेर काढायचं होतं. राजे हुसेन यांच्या हाती आता सौदा करण्याजोगी वस्तू होती.

पण तारण हमासच्या हाती नव्हतं, ते राजांच्या हाती होतं. मग त्याचा लाभ हमासला का मिळाला? इथे तिसऱ्या पक्षाकडे बघावं लागतं, आणि मला वाटतं बहुतेक लोक नेमकं तेच बघायचं विसरतात.

राजे हुसेन हमासचे मित्र नव्हते. संघटनेला कचेरी उघडू दिली होती ती नजरेखाली राहावी म्हणून. पण जॉर्डनच्या लोकसंख्येचा फार मोठा हिस्सा मूळचा पॅलेस्टिनी. त्यांच्यातल्या अनेकांना १९९४ चा करार मुळातच नको होता. त्यात राजधानीत भरदिवसा असा प्रकार झाला. राजे गप्प बसले असते तर एक तर ते कटात सामील आहेत असं लोकांनी म्हटलं असतं, किंवा दुबळे आहेत असं. दोन्ही गोष्टी सिंहासनाला परवडणाऱ्या नव्हत्या. वर आणखी एक सल होता. हल्ल्याच्या काही दिवस आधीच राजांनी इस्रायलकडे हमासचा एक निरोप पोहोचवला होता, तीस वर्षांच्या युद्धविरामाच्या शक्यतेचा. पुढे मोसादचे प्रमुख झालेले एफ्राइम हलेव्ही यांनी हे सांगितलं आहे. निरोपाचं उत्तर म्हणून विष आलं, असा राजांचा समज झाला असेल तर त्यांना दोष देता येत नाही.

म्हणून राजांना नुसती माफी पुरेशी नव्हती. लोकांना दिसेल असं काहीतरी मोठं हवं होतं. हलेव्ही तेव्हा ब्रुसेल्सला युरोपीय संघात इस्रायलचे राजदूत होते आणि राजांच्या विश्वासातले होते. त्यांना घाईने बोलावण्यात आलं आणि यासीन यांना सोडून द्या, असा सल्ला त्यांनी दिला. नेतान्याहू स्वतः रात्री अम्मानला गेले, पण राजांनी त्यांना भेट दिली नाही. बोलणी युवराज हसन यांच्याशी झाली.

१ ऑक्टोबरच्या पहाटे यासीन हेलिकॉप्टरने अम्मानच्या इस्पितळात पोहोचले. ६ ऑक्टोबरला ते गाझात परतले आणि पकडलेले दोघे इस्रायलला गेले. सोबत आणखी काही पॅलेस्टिनी आणि जॉर्डनी कैदीही सुटले. सर्वात जास्त पंचाईत झाली ती पॅलेस्टिनी प्रशासनाचे प्रमुख यासर अराफत यांची. हमासला आवर घालण्यासाठी १९९६ पासून त्यांचेच पोलीस धरपकड करत होते आणि आता हमासच्या संस्थापकाच्या खाटेशेजारी हसतमुखाने उभं राहण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं.

यासीन यांचं असं सुटणं ही पहिली वेळ नव्हती. १९८४ मध्ये शस्त्रं साठवल्याबद्दल त्यांना तेरा वर्षांची शिक्षा झाली होती, ती १९८५ च्या एका मोठ्या कैदी-अदलाबदलीत संपली. दोन वर्षांनी, १९८७ च्या डिसेंबरमध्ये, त्यांनी हमास स्थापन केली. १९८९ मध्ये पुन्हा अटक, मग जन्मठेप. पोरवयातल्या दुखापतीने हातपाय लुळे पडलेले, चाकाच्या खुर्चीवरचे, जेमतेम ऐकू येईल अशा बारीक आवाजाचे हे गृहस्थ दुसऱ्यांदा बाहेर आले ते इस्रायलच्या चुकीच्या बदल्यात. १९९८ मध्ये त्यांनी अरब देशांचा आणि इराणचा लांबलचक दौरा केला. राष्ट्रप्रमुखांनी स्वागत केलं, देणग्या जमल्या. संघटनेच्या शाळा, दवाखाने, गरिबांना मदत हे जाळं अशाच पैशावर चालत होतं आणि संघटनेला माणसं मिळत होती ती त्याच जाळ्यातून.

एक उलट नोंदही करायला हवी. त्याच महिन्यात, ८ ऑक्टोबर १९९७ ला, अमेरिकेने परदेशी दहशतवादी संघटनांची आपली पहिली अधिकृत यादी काढली आणि तीत हमासचं नाव होतं. ते अकारण नव्हतं. ३० जुलैला जेरुसलेमच्या माहाने येहुदा या भाजीबाजारात झालेल्या आत्मघाती स्फोटांत १६ जण मेले होते, ४ सप्टेंबरला बेन येहुदा रस्त्यावर आणखी पाच. बाजारहाट करायला आलेली, कॉफी प्यायला बसलेली माणसं. नेतान्याहू सरकारवर काहीतरी करून दाखवण्याचा दबाव होता तो यामुळे. अम्मानच्या घटनेने झालं असं की काही आठवडे अरब जगात या मेलेल्या माणसांचा विषय मागे पडला आणि कॅनडाचे खोटे पासपोर्ट, विष, माफी याच गोष्टी पुढे आल्या. हिशेबाच्या वहीतलं पान उलटलं गेलं. कॅनडाने तर आपला राजदूतच इस्रायलमधून माघारी बोलावला. फसलेल्या हल्ल्याची ही किंमत सहसा कुठे मोजली जात नाही.

मग हमास याच्यामुळेच जिंकली का?

नाही. असं लिहिणारे लेख मी वाचले आहेत आणि ते मला पटत नाहीत. २००६ च्या जानेवारीत पॅलेस्टिनी विधिमंडळाच्या १३२ पैकी ७४ जागा हमासने जिंकल्या. त्यामागे इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेत्यांमधल्या ओस्लो शांतता कराराची घसरण होती, २००० साली सुरू झालेला दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव होता, अराफत यांच्या फताह पक्षातला भ्रष्टाचार होता, २००५ मध्ये इस्रायलने गाझातून वसाहती हलवल्या त्याचं श्रेय लाटणंही होतं. त्या मतपेटीत १९९७ चं विष शोधू गेलं तर फार थोडं सापडेल.

शिवाय जॉर्डनमध्ये हमासचं बळ दोन वर्षंही टिकलं नाही. १९९९ च्या फेब्रुवारीत राजे हुसेन वारले. त्यांचे पुत्र राजे अब्दुल्ला यांनी ऑगस्टमध्ये हमासच्या कचेऱ्यांना टाळं ठोकलं आणि वर्षअखेरीस मशाल यांना कतारला धाडून दिलं. ज्या सरकारने त्यांचा जीव वाचवला त्यानेच त्यांना हद्दपार केलं. हल्ल्यातून मिळालेला मान संघटनेच्या आत टिकला, यजमानाच्या घरी नाही.

यशस्वी हल्ल्यांचं काय? १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये माल्टात इस्लामिक जिहाद या दुसऱ्या पॅलेस्टिनी संघटनेचे प्रमुख फतही शकाकी मारले गेले आणि ती छोटी, एका माणसाभोवती उभी असलेली संघटना काही काळ लंगडी पडली. अम्मानचा बेत आखणाऱ्यांच्या डोळ्यापुढे बहुधा हेच उदाहरण असावं. पण १९९६ च्या जानेवारीत गाझात हमासचे बॉम्ब बनवणारे याह्या अय्याश यांना मोबाइल फोनमध्ये स्फोटकं दडवून मारलं, तेव्हा काही आठवड्यांत इस्रायलमध्ये बसगाड्या उडू लागल्या आणि साठच्या आसपास माणसं मेली. हमासची रचना वेगळी आहे. गाझा, वेस्ट बँक, परदेश आणि तुरुंग अशा चार ठिकाणांहून प्रतिनिधी येतात, सल्लागार मंडळ असतं, राजकीय विभाग निवडला जातो. एक खांब काढला तर छप्पर कोसळत नाही. २००४ च्या मार्चमध्ये हेलिकॉप्टरमधून क्षेपणास्त्र डागून यासीन यांना मारण्यात आलं, महिन्याभरात त्यांच्या जागी आलेले रंतिसीही मारले गेले, आणि दोन वर्षांनी संघटना निवडणूक जिंकली.

म्हणजे अशा संघटनेवरचा हल्ला यशस्वी झाला तरी फायदा मर्यादित आणि फसला तर तोटा अमर्याद. जुगाराच्या भाषेत सांगायचं तर पैज लावण्यासारखे हे पत्ते नव्हते. इस्रायलमध्ये चौकशी आयोग बसला आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये मोसादचे प्रमुख डॅनी यातोम यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आले हलेव्ही, म्हणजे निस्तरायला बोलावलेला माणूसच घरमालक झाला.

याच गोष्टीची आवृत्ती अठ्ठावीस वर्षांनी निघाली. ९ सप्टेंबर २०२५ ला इस्रायली विमानांनी कतारची राजधानी दोहा इथे हमासच्या वाटाघाटी करणाऱ्या नेत्यांवर क्षेपणास्त्रं डागली. पुन्हा मध्यस्थी करणाऱ्याचंच अंगण, पुन्हा नेतान्याहूच पंतप्रधान. प्रमुख नेते वाचले. त्यांच्यापैकी खलील अल-हय्या यांचा मुलगा आणि काही कर्मचारी मेले, कतारच्या सुरक्षा दलाचा एक जवानही मेला.

या वेळी मात्र तसं तारण कोणाच्याच हाती नव्हतं. पकडलेला हस्तक नाही, उतारा नाही, सोडवायला शेख नाही. गाझा तोवर जमीनदोस्त झालेलं होतं आणि वाचलेल्या नेत्यांचं तेज वाढलं असेल तर ते पाहायला कोणाला सवड नव्हती. २९ सप्टेंबरला नेतान्याहू यांनी व्हाइट हाउसमधून कतारच्या पंतप्रधानांना फोन करून माफी मागितली आणि दोनच दिवसांत अमेरिकेने कतारला संरक्षणाची लेखी हमी दिली. १९९७ ला यासीन यांच्या रूपाने जे हमासच्या झोळीत पडलं होतं, ते २०२५ ला यजमानाच्या झोळीत पडलं.